फाटकाबाहेरच्या टाळ्या

त्या दुपारी कोणीतरी माझ्या अंगणात येऊन गेलं आणि जाताना काहीही नेलं नाही. नेलं असतं तर मी एवढा घाबरलो नसतो. चोरीला एक रीत असते. ती झाली की माणूस आधी शिव्या देतो, मग शेजारी गोळा करतो आणि संध्याकाळपर्यंत गेलेल्या वस्तूची किंमत मनातल्या मनात दुप्पट करून मोकळा होतो. पण मी कानांवरचे हेडफोन काढून मागच्या खोलीतून बाहेर आलो, तर आंब्याखालची वेताची खुर्ची, जी नेहमी भिंतीकडे तोंड करून असते, ती फाटकाकडे तोंड करून होती. तिच्या पायाशी माझा तेरेरे, म्हणजे गार पाण्यातला पाल्याचा चहा, प्यायचा शिंगाचा पेला होता, धुऊन पालथा घातलेला. थर्मास अर्धा रिकामा. झाकण उघडलं तर बर्फाचे तुकडे अजून एकमेकांवर आपटत होते. म्हणजे जो कोणी होता तो मी घरात असताना आला, बसला, पाल्यावर गार पाणी ओतून ओतून सावकाश प्यायला, पेला विसळला आणि गेला. आणि त्या वेळी मी आत काय करत होतो, तर दुसऱ्याच्या मशीनमध्ये त्याला पत्ता लागू न देता कसं शिरायचं याचा सराव.

जानेवारी म्हणजे आमच्या पाराग्वायचा ऐन उन्हाळा; लांबारेच्या दुपारी पत्रे कडकडतात, कुत्री सावली बदलण्यापुरतीच उठतात, आणि तरीही माझी बोटं गार पडली होती. मी समोरच्या न्या तेओदोराकडे, म्हणजे तेओदोराबाईकडे गेलो. ती पंख्यासमोर पाय सोडून बसली होती. "न्या तेओदोरा, माझ्याकडे कोणीतरी आलं होतं," मी म्हणालो. "मग चांगलंय की, सिरिलितो. तुझ्याकडे कुत्रंसुद्धा येत नाही." "न विचारता आलं." "काय नेलं?" "काही नाही. पेला धुऊन ठेवला." तिने पंख्याचा वेग कमी केला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "धुऊन? मग त्याला माझ्याकडे पाठव. कालची पातेली तशीच पडलीत." मी हसलो. तुम्ही पाहिलं का कोणाला, एवढा साधा प्रश्न विचारायला मी आलो होतो; तो घशापर्यंत आला आणि परत खाली गेला. न्या तेओदोराच्या नजरेतून आमच्या गल्लीतली चिमणी सुटत नाही. ती सांगेल, याचीच भीती होती.

दुसऱ्या दिवशी मी कुलूप आणलं. आमच्या फाटकाला कडी आहे, आतल्या बाजूने. पण वरून हात घातला की कोणाचाही पोचतो, आणि तो पोचावा म्हणूनच ती तिथे आहे. फाटकाबाहेर उभं राहून टाळ्या वाजवायच्या, आतून "ये" असं आलं की हात घालून कडी उचलायची. या गावात टाळ्या न वाजवता आत आलेला माणूस एक तर पोलीस असतो नाही तर जावई. कुलूप लावून मी मागे सरकतो न सरकतो तोच न्या तेओदोरा रस्ता ओलांडून आली. "फाटकाला कुलूप? कोण मेलं?" "कोणी नाही. सुरक्षेसाठी." "गल्लीला वाटेल घर विकलंस. आणि मला बर्फ लागला तर? भिंतीवरून उडी मारू? विचार, माझ्या गुडघ्याला विचार." मी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. त्याचं मत स्पष्ट होतं. तेव्हापासून ते भलंमोठं पितळी कुलूप कडीत नुसतं अडकवलेलं असे, न दाबलेलं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, आत तिजोरी आहे. भीती घालायला कुलूप पुरतं, किल्ली कशाला, असं मी स्वतःला समजावलं. सगळ्यात जास्त भीती त्या कुलपाची मलाच वाटायची. येता-जाता बघायचो, ते हललं तर नाही ना.

मी देणार होतो ती परीक्षा म्हणजे सरळ सांगायचं तर घरफोडीची परीक्षा. फक्त घरमालकाची लेखी परवानगी असते. एक परदेशी संस्था एका खोट्या कंपनीची मशिनं मांडून ठेवते. आपण आपल्या घरी बसून एक अख्खा दिवस आणि एक रात्र त्यांत शिरायचा प्रयत्न करायचा. प्रत्येक मशीनच्या अगदी आतल्या कोठडीत अक्षरांची एक अर्थहीन माळ ठेवलेली असते. ती वाचून, तिचा स्क्रीनशॉट काढून बाहेर यायचं. दुसऱ्या दिवशी आपण कुठल्या फटीतून, कसे शिरलो याचा अहवाल लिहायचा, म्हणजे मालकाला फट बुजवता येते. प्रश्नपत्रिका नाही, पर्याय नाहीत, घोकायला काही नाही. आणि या सगळ्या वेळात लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून एक निरीक्षक आपल्याला बघत असतो. तो आपल्याला दिसत नाही, त्याचा आवाज येत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात त्याची वाक्यं तेवढी उगवतात. माझा मित्र देर्लिस तिसऱ्या खेपेला पास झाला आणि एका सहकारी संस्थेच्या सुरक्षा विभागात लागला. तिथे अजून एक जागा होती. ती त्याने साहेबांना सांगून माझ्यासाठी अडवून ठेवली होती. "अडकलास तर उठ, पाणी पी, थोडं रड आणि परत बस," त्याने मला शिकवलं होतं. "क्रम बदलू नकोस लेका. मी आधी रडलो आणि मग पाणी प्यायलो, तर नापास झालो."

मी एकदा नापास झालेलोच होतो. आई स्पेनमध्ये, मालागाला असते, दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालते. तिथून ती आवाजी निरोप पाठवते, मागे नळ चालू असतो. नापास झालो तेव्हाचा निरोप मी अजून पुसलेला नाही. "बघ बाळा, अजून एकदा दे. या वेळी जमलं तर तू तिथे राहा, तुझं घर, तुझा आंबा. नाही जमलं तर घराला कुलूप लाव आणि इकडे ये. इथे माणसं लागतात. म्हातारे चावत नाहीत, त्यांना दात नसतात." म्हणजे प्रश्न एवढाच होता की हे घर उघडं राहणार की बंद होणार. साधा होता. अंगणातल्या त्या दुपारनंतर तर आणखी एक विचार, उंदरासारखा, भिंतीच्या आतून चालत असायचा: घर बंद झालं, आणि नंतर कोणी फाटकाबाहेर टाळ्या वाजवत उभा राहिला, तर? कोण? मी त्या 'कोण'चा पाठलाग करायचो नाही. मला फटी शोधण्याचं शिक्षण होतं. ही एक फट मी शेणाने लिंपल्यासारखी बुजवून टाकली होती.

लहानपणी दुपारी आम्हाला बाहेर सोडत नसत. दुपारी जासी जातेरे हिंडतो, सोनेरी केसांचा, बुटका, हातात काठी. शीळ घालतो, आणि जागं असलेलं पोर उचलून रानात नेतो. मला हे बाबांनी सांगितलं होतं, त्याच वेताच्या खुर्चीत बसून, तेरेरेच्या दोन घोटांच्या मध्ये. ते शीळही घालून दाखवायचे. मी डोळे घट्ट मिटून पडायचो, इतके घट्ट की पापण्यांच्या आत हिरवे ठिपके फिरायचे. अशाच एका दुपारी मी डोळे मिटून पडलेलो असताना बाबा ब्वेनोस आयरेसला गेले, इमारतींच्या कामावर. नाताळला येतो म्हणाले होते. नाताळ आला. नाताळ तसा नियमित आहे. मोठा झाल्यावर मी एवढंच ताडलं की जासी जातेरेने त्या दुपारी चुकून मोठ्या माणसाला नेलं, आणि लक्षात आल्यावर त्याला परत आणून सोडण्याची लाज वाटली असेल. ते आले तर दार उघडू नकोस, असं आई कधी म्हणाली नाही. उघड, असंही म्हणाली नाही. त्यांचं नाव सिरिलो बेनीतेस. माझंही तेच. मला सिरिलितो म्हणतात ते मी लहान आहे म्हणून नव्हे, तर एक मोठा आधीच होऊन गेला म्हणून.

परीक्षा सुरू झाली ती दुपार कलल्यावर. कोपऱ्यात वाक्य उगवलं: कृपया आपले ओळखपत्र दाखवा. मी ते कॅमेऱ्यासमोर, गालाशी धरलं. कृपया थोडे स्थिर धरा. हात कापत होता. मी दुसऱ्या हाताने त्याचं मनगट पकडलं, स्वतःलाच अटक केल्यासारखं. कृपया खोली दाखवा. मी लॅपटॉप उचलून तान्ह्या मुलाला देवळात फिरवतात तसा फिरवला. कृपया टेबलाखाली दाखवा. टेबलाखाली एक चप्पल होती. दुसरी कुठे आहे, असं तो विचारेल म्हणून मला घाम फुटला, कारण ते मलाही माहीत नव्हतं. त्याने विचारलं नाही. खोलीत दुसरे कोणी नाही याची खात्री आहे का? आहे, मी लिहिलं, आणि लिहिल्यावर मागे वळून पाहिलं. धन्यवाद. तुम्ही पुढे जाऊ शकता.

रात्र गेली, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दोन मशिनं पडली, एकाचा नुसता उंबरा ओलांडला, आणि रोहित्र उडेल या भीतीने मी दर थोड्या वेळाने पंख्याकडे बघत राहिलो. आपल्याला कोणीतरी बघतंय हे कळलं की माणूस माणसासारखा वागायला लागतो, आणि ते फार दमवणारं असतं. मी खाजवलं नाही. मी विचारपूर्वक पाणी प्यायलो. एकदा तर विचार करतोय असं दिसावं म्हणून हनुवटीला हात लावला आणि त्या नादात जो विचार चालला होता तो हरवला. सकाळी आणखी एका मशीनवर मला एक फट सापडली. अशा वेळी करायचं असतं ते असं: त्या मशीनला गुपचूप एक आज्ञा द्यायची, की तूच मला फोन लाव. ते बिचारं आतून फोन लावतं, आपण उचलतो, आणि त्या तारेवरून आत जातो. मी आज्ञा लिहिली, चिकटवली, कळ दाबली. आणि फोन आला. आला! मी खुर्चीत अर्धवट उठलो. निरीक्षकाला वाटू नये म्हणून परत बसलो. आत शिरल्यावर पहिलं काम, घर कोणाचं ते बघणं. मालकाचं नाव: सिरिलो. मी स्वतःशी म्हणालो, जगात सिरिलो काही कमी नाहीत.

मग मी कप्पे उघडत गेलो. एका कप्प्याचं नाव होतं 'मालागा'. त्यात आवाजी निरोप. एका कप्प्यात चिपा, म्हणजे चीज घातलेले पाव, भाजायची कृती, चीज दुप्पट घालावं अशा शेऱ्यासह. माझी आईही दुप्पट घालते. इथवर मला खरंच कौतुक वाटत होतं. काय मेहनत घेतात ही माणसं, मी मनात म्हणालो, एका खोट्या मशीनसाठी एक अख्खं आयुष्य रचलंय, आणि तेही पाराग्वायचं. काय एकटा माणूस आहे हा. याच्याकडे जन्मात कोणाचा फोटो नाही. तेवढ्यात एक फोटो सापडला. आंबा. वेताची खुर्ची. खुर्चीत बाबा, हातात शिंगाचा पेला, डोळे उन्हाने बारीक केलेले. घाबरणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं. घाबरणं म्हणजे किंचाळणं नव्हे, तर सगळे आवाज बंद करून थांबणं. यांना माहीत आहे. यांनी बाबांना शोधलंय. त्या दुपारी अंगणात यांचाच माणूस आला होता, खुर्ची मोजायला, पेला बघायला. हा परीक्षेचाच भाग आहे. मी कोपऱ्यात लिहिलं, हे मी खरोखर लिहिलं: तुम्ही माझ्या वडिलांना ओळखता का? बराच वेळ काही उगवलं नाही. कुठल्यातरी थंड देशात एक माणूस पडद्याजवळ सरकून माझ्याकडे बघत असणार. मग वाक्य आलं: क्षमस्व, परीक्षेच्या आशयाबद्दल आम्ही भाष्य करू शकत नाही.

याचा अर्थ हो, असा मी लावला. आणखी बराच वेळ मी तसाच बसलो असतो. पण हात सवयीने पुढचा कप्पा उघडून गेले, आणि तिथे आजच सकाळी काढलेले स्क्रीनशॉट होते. माझे. मी आज्ञा चुकीच्या खिडकीत चिकटवली होती. माझ्याच लॅपटॉपने मला फोन लावला, मीच उचलला, मीच माझ्यात शिरलो आणि मलाच एकटा माणूस म्हणालो. हसू येईल असं वाटलं होतं, पण ओठ थरथरले आणि भलतंच झालं. मी उठलो, पाणी प्यायलो, थोडा रडलो, परत बसलो. क्रम पाळला. कोपऱ्यात वाक्य आलं: तुम्ही ठीक आहात का? मी लिहिलं, डोळ्यात चिलट गेलं. दोन्ही डोळ्यांत? असं त्याने विचारलं नाही, हा त्याचा सभ्यपणा.

सकाळचं ते मशीन त्यानंतर मुकाट्याने पडलं. उंबरा ओलांडलेल्याचीही आतली कोठडी मिळाली. आता पास व्हायला एकच हवं होतं, आणि उरलं होतं ते शेवटचं. त्याच्या दर्शनी दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: अनधिकृत प्रवेशास सक्त मनाई. येथील प्रत्येक हालचालीची नोंद होते. कायदेशीर कारवाई होईल. परीक्षेतल्या खोट्या कंपनीची खोटी पाटी. पण ती वाचली की माझी मान खांद्यांत जायची. मी त्या दाराकडे गेलोच नाही. मी मागून गेलो, छपरावरून गेलो, गटारातून गेलो. खिडक्यांच्या दुरुस्त्या कधी झाल्या होत्या याच्या तारखा काढल्या, जगभरच्या घरफोड्यांची जुनी हत्यारं आणून पाहिली. तासांमागून तास त्या एका भिंतीवर नखं घासत गेले. दुपार चढली. पत्रे कडकडू लागले. गल्ली झोपली. संपायला थोडाच वेळ उरला होता आणि मी मनातल्या मनात मालागाच्या एका अनोळखी म्हाताऱ्याच्या पाठीला साबण लावायला सुरुवात केली होती. त्याची पाठ मला बरीच ओळखीची वाटत होती. तेव्हा बाहेर टाळ्या वाजल्या.

या वेळी कानांवर हेडफोन नव्हते. नियमच होता तसा. म्हणून ऐकू आल्या. घाईच्या नव्हत्या. थोड्या वाजल्या, थांबल्या, आतून "ये" येण्याइतकी जागा ठेवली, परत वाजल्या. बर्फ मागणारी न्या तेओदोरा अशी वाजवत नाही, ती टाळ्यांच्या आधी हाकच मारते. मी कोपऱ्यात लिहिलं: फाटकावर कोणीतरी टाळ्या वाजवतंय. निरीक्षकाचं वाक्य उगवलं. टाळ्या कशासाठी? पहिल्यांदाच त्याने असं, माणसासारखं विचारलं. मी लिहिलं, आमच्याकडे आत येण्याआधी वाजवतात. अच्छा, त्याने लिहिलं. तुम्ही विश्रांती घेऊ शकता. परत आल्यावर कळवा. मला ती परवानगी नको होती. नाही म्हणाला असता तर किती बरं झालं असतं.

मी पुढच्या खोलीत गेलो, अनवाणी, आणि दाराच्या झडपेच्या फटीला डोळा लावला. फाटकाबाहेर एक माणूस उभा होता. ऊन मागून होतं, चेहरा काळा. डोक्यावर टोपी, खांदे उतरलेले. त्याने परत एकदा टाळ्या वाजवल्या, मान वाकडी करून ऐकलं. ये म्हणायला एकच अक्षर लागतं आणि ते माझ्याकडे नव्हतं. मग त्याने फाटकावरून हात आत घातला. हात न चाचपडता थेट कडीशी गेला, जसा रात्री पाण्याच्या तांब्याकडे जातो. तिथे त्याला माझं कुलूप लागलं. हात थांबला. आता जाईल, मला वाटलं. जावो, मला वाटलं. जाऊ नये, असंही कुठेतरी. त्याने कुलूप दोन बोटांत धरून हलकेच ओढून पाहिलं. ते उघडंच होतं. त्याने ते काढलं, आत आला, फाटक लावलं, आणि कुलूप परत कडीत होतं तसं अडकवून ठेवलं. मग खुर्ची फिरवून तो माझ्याकडे पाठ करून बसला. टोपी काढली. मानेवर पांढरे केस होते. त्याने हळूच शीळ घातली. गाणं नव्हे, दोनच सूर.

मी परत खोलीत आलो. कोपऱ्यात लिहिलं, परत आलो. खुर्चीत बसलो आणि पडद्याकडे बघत राहिलो, आणि काही दिसत नव्हतं; दिसत होती ती फक्त ती दोन बोटं, कुलूप ओढून बघणारी. किती सावकाश. माणूस कुलूप बघून माघारी गेला नाही, भिंतही चढला नाही. आधी टाळ्या वाजवल्या, मग ओढून पाहिलं. या गावात जन्मून मी काय शिकलो होतो? समोरच्या दारावर जाऊन हाक मारायची, एवढंच ना? आणि सकाळपासून मी एका घराभोवती गटारातून सरपटत होतो, का, तर दारावर पाटी होती म्हणून. मी त्या दर्शनी दाराशी गेलो. नाव विचारलं गेलं. मी लिहिलं: पाहुणा. परवलीचा शब्द विचारला गेला. मी काहीच लिहिलं नाही, नुसती कळ दाबली. दार उघडलं. पाटीमागे कुलूप नव्हतंच. आत एका कोनाड्यात कोणी आळशी कारकुनाने बाकी सगळ्या किल्ल्या ठेवून दिल्या होत्या, त्या घेऊन कोठडीपर्यंत जायला मला वेळ असा लागलाच नाही. अक्षरांची माळ दिसली. स्क्रीनशॉट काढला. चुकू नये म्हणून तीनदा काढला. वेळ संपली. कोपऱ्यात शेवटचं वाक्य आलं: धन्यवाद. आपली परीक्षा समाप्त झाली आहे. आणि त्याच्याखाली, नियमात बसत नसावं असं: फाटकावर कोण होतं? मी उत्तर लिहीपर्यंत कॅमेऱ्याचा दिवा विझला.

अंगणात गेलो तर कोणी नव्हतं. पेला धुऊन पालथा होता. कुलूप कडीत, न दाबलेलं. खुर्ची मात्र या वेळी घराच्या दाराकडे तोंड करून होती.

अहवाल मी दुसऱ्या दिवशी लिहिला. शेवटच्या मशीनखाली उपाय म्हणून लिहावं लागतं, मालकाने काय करावं. दाराला खरं कुलूप लावावं, असं मी लिहिलं, आणि ते वाक्य मला फार वेळ टोचत राहिलं. निकाल आठवड्याने आला, न्या तेओदोरा बर्फ न्यायला आलेली असताना. मी इंग्रजी पत्र तिला आमच्या भाषेत वाचून दाखवलं: आनंदाने कळवतो की. "म्हणजे पास?" "पास." "म्हणजे मालागा नाही?" "नाही." तिने बर्फाचं भांडं खाली ठेवलं आणि माझं तोंड दोन्ही गार हातांत धरलं. "शाबास रे घरफोड्या! आईला कळव. आणि त्या माणसालाही कळव, बिचारा दर खेपेला विचारतो." "कुठला माणूस?" "तोच, टाळ्यावाला. बस टर्मिनलजवळ खोली घेतलीय म्हणे. येतो, वाजवतो, तू काही बोलत नाहीस, मग बसतो थोडा वेळ. मी विचारलं, पोराला हाक का मारत नाही? तर म्हणाला, अभ्यास करतोय तो." "मला सांगितलं का नाहीत तुम्ही?" "तू विचारलंस कुठे? तू म्हणालास, पेला धुतला. मी म्हटलं, बरं झालं." "कसा दिसतो?" न्या तेओदोराने माझ्याकडे मान तिरकी करून पाहिलं, बाजारात कपडा बघतात तसं. "तुझ्यासारखाच," ती म्हणाली. "जरा वापरलेला."

ती गेल्यावर मी सहकारी संस्थेला पत्र पाठवलं नाही, देर्लिसला कळवलं नाही, आईला कळवायला फोन उचलला आणि खाली ठेवला. परीक्षेआधी होती त्याहून मोठी भीती आता अंगात येऊन बसली होती, पाय पसरून, घरच्यासारखी. परीक्षेला निदान संपायची वेळ असते. मी थर्मासमध्ये बर्फ भरला. दुसरी खुर्ची आणून आंब्याखाली ठेवली, मग उचलून आत नेली, मग परत आणली. न्या तेओदोराच्या खिडकीची झडप दोन बोटं उघडी होती. दुपार पिकत गेली. आणि टाळ्या वाजल्या. थोड्या, मग जागा, मग परत.

मी फाटकाशी गेलो. मध्ये लोखंडाच्या गजांएवढंच अंतर. टोपी, उतरलेले खांदे, उन्हाने बारीक केलेले डोळे. मी मनात कितीतरी वाक्यं जुळवली होती, काही शिव्या होत्या, एक तर फारच चांगली होती. त्यांतलं एकही आलं नाही. तोंडातून आलं ते भलतंच, कोरडं, कुठल्यातरी थंड देशातलं: "कृपया आपले ओळखपत्र दाखवा."

तो हसला नाही. तो दचकलाही नाही. त्याने खिशात हात घातला, या खिशात, त्या खिशात, आणि कडा झिजलेलं एक ओळखपत्र काढून ते स्वतःच्या गालाशी धरलं. हात कापत होता. त्याने दुसऱ्या हाताने मनगट पकडलं. मी वाचलं: सिरिलो बेनीतेस. फोटोतला माणूस तरुण होता, माझ्याएवढा. मी बराच वेळ बघत राहिलो, फोटोकडे, त्याच्याकडे, परत फोटोकडे. माझ्या छातीत इतका आवाज होत होता की तोही टाळ्या समजला असता. मग मी कडीतलं कुलूप काढून हातात घेतलं. ते उन्हाने तापलं होतं.

"धन्यवाद," मी म्हणालो. "तुम्ही पुढे जाऊ शकता."